दोन पेनीची किटली आणि पाटीवरचं नाव



मागे बीरशेबाहून एका बहिणीने पत्रात विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं लंडनला राहता. तिथे आपल्या लोकांचं असं काय आहे?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. आमच्या भागात ना इस्राएल मोहल्ला, ना जेकब सर्कलसारखी मशीद, ना मलिद्याचं ताट घेऊन जिना उतरणारी शेजारीण. मग आमच्यातली एक म्हणाली, "आपली गुरुवारची चहाची जागा आहे की!" सगळ्या हसलो. पण मागाहून विचार करता त्यात तथ्य वाटलं. म्हणून आज चहाच्या दुकानांचा इतिहास सांगतो. त्यात आपल्या लोकांचा भाग आहे, तो कसा ते पुढे येईलच.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं, नव्या वाचकांसाठी. आम्ही तिघी. तिघीही मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, २००० सालाच्या आसपास इथल्या सरकारी इस्पितळांना बाहेरच्या नर्सेस हव्या होत्या तेव्हा आलेल्या, आणि आता निवृत्त. एक पनवेलची, एक अलिबागकडची, एक भायखळ्यात वाढलेली. पश्चिम लंडनमध्ये ग्रीनफर्डच्या आसपास राहतो. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला घराजवळच्या एका छोट्या चहाच्या दुकानात भेटतो. गुरुवार अशासाठी, की शुक्रवारी शब्बाथची तयारी असते.

दुकान एका पोलिश बाईचं आहे. सहा टेबलं, खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या. चहा किटलीत येतो, दूध वेगळं, सोबत गरम स्कोन, जॅम आणि घट्ट साय. आधी जॅम लावायचा की आधी साय, यावर इंग्रज लोक जन्मभर भांडतात. डेव्हनवाले आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. आम्ही त्यात पडत नाही. आम्ही पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, की स्कोनमध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालता का? ती बाई आत गेली आणि लोण्याचं वेष्टणच आणून दाखवलं. तेव्हापासून ते दुकान आमचं.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांत मटण झालं की दुपारचा चहा कोरा असायचा. दूध आणि मांस एकत्र नको, म्हणून कालवणात नारळाचं दूध आणि चहात गवती चहाची पात. आम्हाला लहानपणी वाटायचं की कोरा चहा ही गरिबी आहे. पुढे कळलं की तो धर्म होता. गुरुवारी आम्ही जेवणात मांस करत नाही, म्हणून दुधाचा चहा चालतो. पोलिश बाईला हे सगळं समजावून सांगायला दोन गुरुवार लागले.

आता इतिहास. दुपारच्या चहाची गोष्ट सहसा बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांच्यापासून सांगतात. १८४० च्या सुमाराची गोष्ट. रात्रीचं जेवण उशिरा, मध्ये पोटात खड्डा, म्हणून बाईसाहेबांनी खोलीत चहा, पाव, लोणी मागवायला सुरुवात केली आणि मैत्रिणींनी ती रीत उचलली. असेल. त्याच सुमारास, १८३९ साली, आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात आला, हेही लक्षात ठेवा. पण वाड्यातल्या बाईने चहा पिणं निराळं आणि बसचं भाडं मोजून देणाऱ्या मुलीने चहा पिणं निराळं. आम्हाला दुसरीत रस आहे.

त्या काळी लंडनमध्ये कामाला किंवा खरेदीला आलेल्या एकट्या बाईने बसायचं कुठे? पब पुरुषांचा, क्लब पुरुषांचा. बऱ्याच खाणावळींत एकटी बाई दिसली की लोक भुवया उंचावत. हात धुवायला जागाही सहज मिळत नसे. नर्सची नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. १८६४ साली एरेटेड ब्रेड कंपनीने, म्हणजे एबीसीने, बेकरीला जोडून लंडनमध्ये चहाचं दुकान काढलं. ग्लासगोत स्टुअर्ट क्रॅन्स्टन यांनी १८७५ च्या सुमारास आणि त्यांची बहीण केट क्रॅन्स्टन यांनी १८७८ साली आपापली दुकानं सुरू केली. केटबाईंचं विलो टी रूम्स १९०३ चं, चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी सजवलेलं. दारूबंदीच्या चळवळीचंही या दुकानांना पाठबळ होतं. जिथे दारू नाही तिथे बाई बसली तर बोलणार कोण?

आणि मग आले लायन्स.

जे. लायन्स अँड कंपनीचं पहिलं चहाचं दुकान २० सप्टेंबर १८९४ रोजी २१३, पिकॅडिली इथे उघडलं. पांढऱ्या पाटीवर सोनेरी अक्षरं. दोन पेनीला चहाची किटली, आणि तीही प्रत्येक गिऱ्हाइकाला ताजी. महागड्या पिकॅडिलीत हे नवलच होतं. लोकांनी गर्दी केली. पुढे गावोगावी मिळून लायन्सची सुमारे २५० दुकानं झाली. त्याशिवाय कॉर्नर हाऊस म्हणून अनेक मजली भोजनगृहं निघाली. कव्हेंट्री स्ट्रीटचं १९०९ साली, स्ट्रँडचं १९१५ साली, टॉटनहॅम कोर्ट रोडचं १९२८ साली. आत वाद्यवृंद, खाली मिठाईचं दुकान, आणि हजारो माणसं. आपल्याकडच्या इराण्याला सहा मजले आणि बँड लावल्यासारखं डोळ्यांसमोर आणा.

ही दुकानं काढली कोणी? सॅल्मन आणि ग्लुकस्टाइन या दोन यहुदी घराण्यांनी. सॅम्युएल ग्लुकस्टाइन जर्मनीकडून लंडनला आले आणि त्यांनी तंबाखूचा धंदा केला. मुलीचं लग्न बार्नेट सॅल्मन यांच्याशी झालं. दोन्ही घरांची मिळकत एका सामाईक निधीत जमा व्हायची आणि त्यातून प्रत्येकाची गरज भागायची. आपल्या एकत्र कुटुंबातल्या एका गल्ल्यासारखंच. मुलगा माँटेग्यू फिरता विक्रेता होता. प्रदर्शनांच्या आवारात मिळणारं खाणं त्याने चाखलं आणि त्याच्या मनात आलं की याहून बरं आपण देऊ शकतो. १८८७ साली न्यूकॅसलच्या प्रदर्शनात त्यांनी चहापाण्याचं कंत्राट घेतलं आणि कंपनी तिथून सुरू झाली.

पण नाव? म्हणतात की घरच्यांना खाण्यापिण्याच्या धंद्याला आपलं नाव लावणं कमीपणाचं वाटलं. म्हणून दूरच्या नात्यातल्या जोसेफ लायन्स या हुशार, बोलक्या माणसाला पुढे केलं. तेही यहुदीच. पाटीवर त्यांचं नाव गेलं आणि सॅल्मन, ग्लुकस्टाइन मागे राहिले. आम्हाला वाटतं, कारण तेवढंच नसावं. लायन्स हे नाव इंग्रजी कानाला सोपं जातं, सिंहासारखं वाटतं. ग्लुकस्टाइन तसं नाही. आणि १९१४ साली लढाई सुरू झाल्यावर हा फरक उघडा पडला. लिप्टनच्या विक्रेत्यांनी बोलायला सुरुवात केली, की लायन्सचे संचालक जर्मन आहेत, त्यांचा माल घेणं म्हणजे शत्रूला मदत करणं. लायन्सला कोर्टात जावं लागलं. दोन पिढ्या लंडनमध्ये राबलेल्या माणसांनी कोर्टात जाऊन सांगायचं, की आम्ही शत्रू नाही! याच घराण्यातले आयझिडोर सॅल्मन दुसऱ्या लढाईच्या तोंडावर सैन्याच्या जेवणाचे बिनपगारी सल्लागार झाले.

ही दुकानं कोशर नव्हती, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी आम्हाला पत्र लिहील. मालक यहुदी, गिऱ्हाईक सगळं जग.

आता ज्या बाईमुळे आम्हाला या सगळ्याची गोडी लागली तिच्याकडे येतो. २००३ चा हिवाळा. आमच्यातली एक तेव्हा वृद्धांच्या वॉर्डवर होती. खुब्याचं हाड मोडून आलेली एक आजी, वय नव्वदीच्या पुढे. दुपारी तीनला चहाची गाडी फिरली की आजी उठून बसायची आणि कप कसा ठेवतात, बशीचा कान कुठे, सगळं बघायची. एकदा म्हणाली, "चमचा उजवीकडे, बाळ. आमच्या मॅनेजरीणबाईंनी तुला परत पाठवलं असतं." तरुणपणी ती लायन्समध्ये निप्पी होती.

निप्पी म्हणजे लायन्सच्या वाढपी मुली. आधी त्यांना ग्लॅडिस म्हणत. १९२५ पासून निप्पी, म्हणजे चपळ. काळा झगा, पुढे मोत्यासारख्या बटणांच्या दोन ओळी, पांढरा एप्रन, कपाळावर पांढरी टोपी आणि तिच्यावर कंपनीचं अक्षर. आजी सांगायची, की पाळी सुरू होण्याआधी रांगेत उभं करत. नखं, बटणं, मोजे, टोपी, सगळं तपासत. बटण लोंबत असेल तर आत जाऊन शिवून यायचं. आम्हाला हसू आलं, कारण आमच्या मेट्रन अगदी हेच करत. टोपीला खळ कमी म्हणून आमच्यातल्या एकीला एकदा वॉर्डच्या दारातून परत पाठवलं होतं. आजीला लग्न ठरल्यावर काम सोडावं लागलं. ते सांगताना ती खिडकीकडे बघायची.

एक दिवस तिने विचारलं, "तू कुठली गं?" मुंबईची. "मग हिंदू?" नाही, यहुदी.

मंडळी, हे उत्तर दिल्यावर पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. समोरचा माणूस एकदा आपला चेहरा बघतो, एकदा हात बघतो आणि म्हणतो, "खरंच?" मग आपण नवगावची गलबत फुटल्याची गोष्ट काढायची, सात जोडपी, शनिवार तेली, खतना, शेमा. हे सगळं आपण इंग्रजांना सांगितलं आहे आणि आपल्याच धर्माच्या लोकांनाही सांगितलं आहे. १९६२ ते १९६४ या काळात इस्राएलमध्ये आपल्या लोकांना लग्नासाठी पुरावे द्यायला सांगितले, तेव्हा जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील त्या धरण्यात होते. इथे लंडनमध्येही एका ठिकाणी, नाव घेत नाही, पेसाहच्या आधी मात्सा घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या बाईने विचारलं होतं, की कोणाच्या घरी काम करता? त्यांच्यासाठीच नेताय ना?

आजीने मात्र मान डोलावली. म्हणाली, "अस्सं. लायन्सवाल्यांसारखी. ते लोक कडक होते पण पगार वेळेवर द्यायचे." आणि चहा संपवला.

इतकंच. वीस वर्षं होऊन गेली, पण ज्या मैत्रिणीला ती हे म्हणाली, ती अजून ते सांगताना थांबते. पुरावा न मागता कोणी ऐकून घेतलं, असं तिच्या बाबतीत या देशात पहिल्यांदाच घडलं होतं.

या दुकानांच्या भराच्या काळात आपल्यातलीही एक मुलगी लंडनमध्ये होती. डॉ. जेरुशा झिराड. शिमोग्याला १८९० साली जन्म, मुंबईत शिक्षण, आणि १९१२ साली त्या लंडनला आल्या. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. बायकांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, लढाईच्या वर्षांत इथल्या इस्पितळांत काम केलं आणि १९१९ साली प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाल्या. पुढे १९२८ ते १९४७ कामा इस्पितळाच्या प्रमुख, १९६६ साली पद्मश्री. आमच्या शिकाऊ दिवसांत जुन्या सिस्टर त्यांचं नाव घ्यायच्या तेव्हा आवाज खाली यायचा. साडी नेसलेली बावीस वर्षांची मुलगी, परक्या शहरात, हिवाळ्यात. त्याच काळात मताधिकार मागणाऱ्या बायका चहाच्या दुकानांत बसून बेत ठरवत होत्या. बायांना बसायला जागा मिळाली, की त्या नुसता चहा पीत बसत नाहीत.

मुंबईत आपल्या आया, मावश्यांना अशी जागा होती का? इराणी होता, कोपऱ्यावरच. भायखळ्यात, नागपाड्यात, माझगावात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन मस्का, मावा केक. पण तिथे बसायचे ते पुरुष. बायांसाठी काही ठिकाणी आत 'फॅमिली रूम' असायची, लाकडी आडोसा लावलेली. भायखळ्याची आमची मैत्रीण सांगते, तिची आई मशिदीतून येताना इराण्याच्या दारात उभी राहून मुलाकडून पाव मागवायची, स्वतः पायरी चढायची नाही. शेवटी शेवटी, आम्ही स्टाफ नर्स झाल्यावर, रात्रपाळीहून सुटलो की तिघीचौघी मिळून युनिफॉर्मवरच आत शिरायचो. गल्ल्यावरचा इराणी काही बोलला नाही. त्याने पोऱ्याला ओरडून सांगितलं, "सिस्टरलोग को चाय!" आडोशामागे नाही, पुढच्याच टेबलावर. नर्सच्या पांढऱ्या कपड्याने आम्हाला खूप ठिकाणी आत नेलं.

लायन्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या लढाईत माणसं मिळेनात तेव्हा बऱ्याच दुकानांत निप्पी गेल्या आणि ट्रे घेऊन रांगेत उभं राहणं आलं. चहा १९४० पासून १९५२ पर्यंत रेशनवर होता, सुरुवातीला माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. आपल्या घरात तो दोन दिवसांत संपला असता. ज्यांची मुलं संगणकात आहेत त्यांनी हे मुलांना जरूर सांगावं, की कचेरीच्या रोजच्या कामासाठी चालवलेला जगातला पहिला संगणक याच चहावाल्यांचा. त्याचं नाव लिओ, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्याने बेकरीच्या मालाचा हिशेब केला. शेकडो दुकानांना रोज किती पाव, किती केक पाठवायचे, हा प्रश्नच इतका मोठा होता की केंब्रिजच्या विद्वानांना पैशाची मदत करून त्यांनी यंत्र तयार करवून घ्यायचं शिकून घेतलं. १९५४ साली लायन्सनेच विम्पी हॅमबर्गर या देशात आणला, आणि तिथून चहाच्या दुकानांचे दिवस फिरले. कर्ज वाढलं. शेवटचं कॉर्नर हाऊस १९७७ साली बंद झालं, १९७८ साली कंपनी दारू गाळणाऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. दारू नसलेल्या दुकानांचा शेवट असा व्हावा, हे आम्हाला अजून पटत नाही. चहाची शेवटची दुकानं १९८१ साली संपली.

पण चहा संपला नाही. लायन्सचा मोठा चहाचा कारखाना आमच्या ग्रीनफर्डलाच होता, कालव्याच्या काठी. १९७३ साली लायन्सने टेटली विकत घेतली होती, आणि २००० साली तीच टेटली मुंबईच्या टाटांनी घेतली, २७ कोटी १० लाख पौंडांना. म्हणजे आमच्या फडताळातल्या निळ्या डब्यात यहुदी चहावाले आणि मुंबईचे पारशी दोघेही आहेत. आम्ही आलो त्याच सुमारास हा व्यवहार झाला. आम्हाला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही वसतिगृहाच्या खोलीत स्वेटरवर स्वेटर घालून मुंबईहून आणलेली चहाची भुकटी पुरवून वापरत होतो.

आता नावाबद्दल, कारण हा लेख लिहायला घेतला तो त्यामुळेच. आमच्यातल्या एकीच्या मुलाने गेल्या वर्षी नोकरीच्या अर्जात आडनाव कापलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी आपली शंभरावर आडनावं, प्रत्येकाला एक गाव. मुलगा म्हणाला, आई, फोनवर पाच वेळा सांगावं लागतं, मुलाखतीचं बोलावणं येत नाही. त्याने 'कर' टाकला आणि उरलेलं इंग्रजी वाटेल असं लिहिलं. बोलावणं आलं. नोकरीही लागली. आई दोन गुरुवार आली नाही.

तिसऱ्या गुरुवारी आली तेव्हा यावर आमची चांगलीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, आपल्या वाडवडिलांनीही केलंच की. सॅम्युएलचा समाजी झाला. १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधणाऱ्या सॅम्युएल दिवेकरांना समाजी हसाजी म्हणत. शेजाऱ्यांच्या जिभेला जमेल ते नाव घेतलं. लायन्सवाल्यांनी तेच केलं. दुसरी म्हणाली, फरक आहे. वाडवडिलांनी शेजाऱ्यांच्या भाषेतलं नाव घेतलं, पण गाव ठेवलं, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला तो सगळ्या गावासमोर. लपवलं काही नाही. आई गप्प होती. मग म्हणाली, "माझा मुलगा लपवत नाहीये. थकलाय."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. नर्सला थकलेला माणूस ओळखता येतो, आणि थकलेल्या माणसाला भाषण द्यायचं नसतं हेही माहीत असतं. तुमच्या घरांत हे कसं झालं, लोदला, अश्दोदला, टोरांटोला, ते आम्हाला कळवा. ज्यांनी हिब्रू आडनावं घेतली त्यांनीही कळवा.

गेल्या गुरुवारी त्याच मैत्रिणीचा वाढदिवस होता. पोलिश बाईने केक करून देते म्हणाली आणि वर नाव काय घालू ते विचारलं. इतकी वर्षं तिच्या वहीत आम्ही 'तीन सिस्टर्स' होतो. आमच्या मैत्रिणीने पर्समधून पेन काढलं आणि सबंध आडनाव लिहून दिलं, 'कर'सकट. केक लहान होता. 'क' एका ओळीत आला आणि 'र' खालच्या ओळीत. मुलगा संध्याकाळी न्यायला आला तेव्हा त्याने तोच तुकडा खाल्ला.